हाफकिन साहेब आणि परळची लस

मुंबईंत करी रोड स्टेशनावर उतरून परळच्या बाजूस पायीं गेलें असतां हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत लागते. पूर्वीं ती गव्हर्नरांची कोठी होती. ज्यांचें नांव त्या संस्थेस मिळालें ते वॉल्डेमार हाफकिन रोगी तपासणारे डॉक्टर नव्हते; ते जंतुशास्त्राचे अभ्यासक होते. तथापि दवाखान्यांतील पुष्कळ हातांस त्यांनीं नवें काम लाविलें, आणि त्यांतील एका हाताच्या चुकीचें ओझें त्यांस वर्षानुवर्षें वाहावें लागलें. आमच्या मंडळ्यांतील ज्या मुली नर्सबाई झाल्या आहेत व जे तरुण कंपाउंडर आहेत, त्यांच्यासाठीं ही हकीकत आम्ही देत आहों.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्यें काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. पॅरिस येथें पाश्चर यांच्या संस्थेंत प्रथम त्यांनीं ग्रंथालयांतील चाकरी पतकरली. १८९२ त पटकीची लस तयार करून ती त्यांनीं आधीं स्वतःस टोचून घेतली, व पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

१८९६ त मुंबईंत प्लेग उद्भवला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली व एक व्हरांडा, हाताखालीं एक कारकून व तीन पट्टेवाले, एवढ्यावर साहेबांनीं कामास आरंभ केला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. त्यांच्या आधारानें जंतूंचे झुपके खालीं लोंबत. कुपी हलवून ते पाडावयाचे व पुनः वाढूं द्यावयाचे. शेवटीं उष्णतेनें जंतु मारून वर थोडें कार्बॉलिक घालावयाचें. ही लसही त्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम आपल्याच अंगीं टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी राजी झाले त्यांस ती दिली.

येथून दवाखान्यांतील माणसांचें काम पालटलें. आजवर आजाऱ्याजवळ जावयाचें असे. आतां धडधाकट माणसाकडे जाऊन त्यास सुई टोचावयाची, आणि ताप येईल हेंही त्यास आधींच सांगावयाचें. हें सोपें नव्हे.

१८९९ त प्रयोगशाळा परळच्या कोठींत गेली. १९०२ त पंजाबांतून लसीची मोठी मागणी आली, तेव्हां ती लवकर तयार व्हावी म्हणून साहेबांनीं रीत बदलली: कार्बॉलिक वगळून केवळ उष्णतेवर विसंबावयाचें ठरलें. ३० ऑक्टोबर रोजीं मलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले, आणि त्या सर्वांस एकाच कुपींतील लस दिली होती.

चौकशी झाली व दोष परळावर आला. १९०४ त हाफकिन हिंदुस्थान सोडून गेले. परंतु त्याच चौकशीच्या कागदांत असें नमूद होतें कीं, कुपी उघडतांना चिमटा जमिनीवर पडला, आणि तो ज्योतींत न धरतां कार्बॉलिकच्या पाण्यांत खळबळून त्यानेंच बूच काढलें. धनुर्वाताचें बीज मातींत असतें; तें तेवढ्यानें मरत नाहीं. शिवाय कुपी परळासच बिघडली असती तर इतक्या दिवसांनीं तिला दुर्गंधि यावयास हवी होती; ती आली नव्हती.

त्या मदतनिसास दोष देऊन मोकळें व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं. कुपींतलें कार्बॉलिक जंतूंची वाढ रोखणारा दुसरा पहारेकरी होतें. परळास तें काढून टाकलें, तेव्हां सारा भार शेंकडों कोसांवर बूच उघडणाऱ्या हातावर पडला. रीत बदलली ती कोणासाठीं, कां, आणि आतां चिमट्याची काळजी दुप्पट कां घ्यावयाची, हें त्या हातास कोणीं समजाविलें होतें काय? चौकशी करणारांनीं हा प्रश्न विचारावयास हवा होता, असें आमचें मत आहे.

हिवतापाचें कोडें सोडविणारे रोनाल्ड रॉस व इतर विद्वान यांनीं १९०७ त लंडनच्या टाइम्स पत्रांतून हाफकिन यांची बाजू मांडली, व त्याच वर्षीं ते निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास परत आले, परंतु लसीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांस पुनः मिळाली नाहीं. १९२५ त परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें, तें ऐकावयास ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें ते वारले.