हॅरी बेक : भुयारी लंडनला सरळ रेषेत आणणारा आरेखक

लंडनमध्ये नव्याने आलेल्या माणसाला घराची किल्ली मिळण्यापूर्वीच बहुधा एक नकाशा मिळतो. लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या रेषा, एकमेकींना ठरावीक कोनांतच छेदणाऱ्या. मध्यभागी पिवळ्या रंगाचे कडे. खाली फिकट निळी थेम्स. आपली कचेरी कोणत्या रेषेवर आणि भाड्याची खोली कोणत्या, एवढे कळले की शहराची निम्मी भीती जाते. हा नकाशा ज्यांनी घडवला ते हेन्री चार्ल्स बेक, अर्थात हॅरी बेक, ना नकाशाशास्त्रज्ञ होते ना नामांकित चित्रकार. भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात ते आरेखक होते, आणि तेही हंगामी. जगभर ज्याचे अनुकरण झाले ते काम त्यांनी फावल्या वेळात केले. त्याचा मोबदला तुटपुंजा मिळाला आणि अखेर ते काम त्यांच्या हातून काढून घेण्यात आले.

बेक यांचा जन्म ४ जून १९०२ रोजी पूर्व लंडनमधील लेटन येथे झाला. वडील दगडी स्मारके घडवणारे कारागीर होते. १९२५ च्या सुमारास बेक भुयारी रेल्वेच्या नोकरीत आले. सिग्नल आणि विजेच्या तारांच्या जोडण्यांचे आराखडे काढणे हे तेथील काम. अशा आराखड्यात तार प्रत्यक्षात किती लांब आहे आणि भिंतीवरून कशी वळत गेली आहे याला महत्त्व नसते. ती कोठून निघते, कोठे जोडली जाते, एवढेच पाहायचे असते. ही शिस्त बेक यांच्या हाताला वर्षानुवर्षे लागलेली होती. त्यांची कल्पना थेट विद्युत-आराखड्यावरून सुचली असे सरसकट सांगितले जाते. तितके सरळ नाते मानायचे कारण नाही, परंतु सवयीचा वाटा नाकारताही येत नाही. सहकाऱ्यांनाही हे साम्य दिसले असावे, कारण पुढे १९३३ साली रेल्वेच्या कर्मचारी-मासिकात स्वतः बेक यांनीच एक विनोदी नकाशा काढून दिला आणि त्यात स्थानकांच्या जागी विद्युतशास्त्रातील शब्द घातले.

त्यांच्यापुढचा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लंडनची पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली. (मुंबईकरांनी मनात नोंद करावी : बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्याआधी सुमारे दहा वर्षे, १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती, अर्थात जमिनीवरून.) पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या रेषा खणल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या सर्व एका नकाशावर आल्या, पण तो नकाशा भूगोलाशी प्रामाणिक होता. रेषा खऱ्या मार्गाप्रमाणे नागमोडी जात. मध्य लंडनमध्ये स्थानकांची इतकी दाटी होई की नावे वाचणे मुश्किल, आणि उपनगरांत दोन स्थानकांमध्ये रिकामा कागद. दूरची काही स्थानके तर कागदावर मावतच नसत. त्यांची नावे कडेला चौकटीत यादी करून द्यावी लागत. बेक यांच्या आधी फ्रेड स्टिंगमोर या आरेखकाने १९२५ पासून काढलेल्या छोट्या नकाशांत रस्ते वगळून, अंतरे थोडी आवळून बरीच सुधारणा केली होती. म्हणजे वाट काही अंशी मोकळी झालेली होती. तरी त्या वाटेने शेवटपर्यंत जाण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

ते बेक यांनी १९३१ मध्ये केले, आणि तेव्हा मंदीतल्या काटकसरीमुळे त्यांची नोकरी गेलेली होती. शाळकरी वहीच्या पानावर पेन्सिल आणि रंगीत शाईने त्यांनी पहिला कच्चा आराखडा काढला. त्यांनी स्वतःला घालून घेतलेले नियम मोजकेच होते. प्रत्येक रेषा आडवी, उभी किंवा ४५ अंशांत तिरपी असेल. मध्य लंडन भिंगाखाली धरल्यासारखे मोठे होईल, उपनगरे आत ओढली जातील आणि स्थानकांमधील अंतरे जवळजवळ सारखी दिसतील. जमिनीवरचे सारे पुसले जाईल. राहील ती एकटी थेम्स, कारण नदीच्या अलीकडे की पलीकडे हे कळल्याशिवाय लंडनकराला दिशा सापडत नाही.

या आराखड्यामागचा विचार आज इतका साधा वाटतो की त्यातली बंडखोरी लक्षात येत नाही. जमिनीखालच्या प्रवाशाला वरचे शहर दिसत नाही. गाडी कोठे वळली, कोणत्या रस्त्याखालून गेली, याचा त्याला पत्ता नसतो आणि त्याची गरजही नसते. कोणत्या रेषेवर चढायचे, कोठे बदलायचे आणि किती स्थानकांनंतर उतरायचे, हेच त्याला हवे असते. लोकलने वाढलेल्या मुंबईकराच्या डोक्यात असा नकाशा फार पूर्वीपासून असतो : पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन रेषा, बदलण्यासाठी दादर किंवा कुर्ला, आणि अंतर विचारले तर किलोमीटरऐवजी स्थानकांची संख्या. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी आहे हे त्याला खिडकीतून दिसते, पण हिशेबात ती येत नाही. बेक यांनी प्रवाशाच्या मनातला हा हिशेब कागदावर आणला.

प्रसिद्धी विभागाने तो आराखडा परत केला. फारच क्रांतिकारक आहे, अंतरे दाखवीत नाही, लोकांना समजणार नाही, अशा शंका होत्या. बेक यांनी वर्षभराने, १९३२ मध्ये, तो पुन्हा पाठवला. या वेळी चाचणीपुरत्या ५०० प्रती काढून काही स्थानकांवर ठेवण्यात आल्या. (लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही याच १९३२ सालातली, मंडळाच्या पहिल्या सभासदांनी जुना नकाशा घडी करून ठेवला असेल आणि नवा हाती घेतला असेल, असा अंदाज करायला हरकत नाही.) प्रती बघता बघता संपल्या. जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावणाऱ्या घडीच्या नकाशाच्या साडेसात लाख प्रती छापल्या गेल्या. मुखपृष्ठावर प्रवाशांकडे नव्या रचनेबद्दल अभिप्राय मागितले होते, यावरून व्यवस्थापनाची धाकधूक दिसते. महिन्याभरातच पुन्हा छपाई करावी लागली. समजणार नाही अशी भीती ज्यांच्याबद्दल होती, त्या सामान्य प्रवाशांनी तो क्षणात समजून घेतला होता.

छोट्या नकाशाच्या कामाबद्दल बेक यांना दहा गिनी, म्हणजे साडेदहा पौंड मिळाले. त्यांना पुन्हा नोकरीवरही घेण्यात आले. मात्र नकाशाची निगा हे त्यांच्या नोकरीतले काम कधीच नव्हते. ते घरी, रात्री, सुटीच्या दिवशी होत राहिले. आणि काम थोडे नव्हते. १९३३ च्या जुलैत लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड स्थापन होऊन साऱ्या रेषा एका छत्राखाली आल्या. पिकॅडिली लाईन त्याच महिन्याच्या अखेरीस कॉकफॉस्टर्सपर्यंत पोचली. नवी स्थानके, बदललेली नावे, बांधकाम चालू असलेले पट्टे, एकेका बदलासाठी बेक यांना सारी वीण उसवून पुन्हा विणावी लागे. स्थानकासाठी ठिपक्याऐवजी रेषेला लागून छोटी खूण हा त्यांचाच निर्णय, आणि तो आजही टिकून आहे. ठिपका फक्त बदलाच्या स्थानकाशी गोंधळ करतो हे त्यांच्या लवकर ध्यानात आले. बदलाची स्थानके कशी दाखवावीत याबाबत मात्र त्यांचे समाधान होईना. चौकट, कडे, जोडकडे असे प्रयोग ते पुढची पंचवीस वर्षे करत राहिले. नावांची अक्षरेही ते हाताने लिहीत, एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ साली भुयारी रेल्वेसाठी घडवलेल्या वळणाला धरून.

या नकाशाचा एक दोष म्हणजे तो खोटे बोलतो, आणि लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्यांपैकी अनेकांनी त्याची किंमत पायांनी किंवा खिशाने मोजली आहे. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर साधारण २६० मीटर; सरकत्या जिन्याने खाली उतरून गाडीची वाट पाहण्यापेक्षा चालत गेलेले लवकर पोचते. क्वीन्सवे आणि बेजवॉटर ही वेगवेगळ्या रेषांवरची स्थानके एकाच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर आहेत, आणि नवखा माणूस नकाशाच्या भरवशावर दोन गाड्या बदलून एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. उलट दूरची उपनगरे या नकाशात इतकी जवळ येतात की तेथे घर घेणे सोपे वाटू लागते. रेल्वेला हे गैरसोयीचे नव्हते, हे उघड आहे.

१९४७ साली बेक यांनी लंडन ट्रान्सपोर्टची नोकरी सोडली आणि लंडनच्या मुद्रण विद्यालयात ते अक्षररचना व आरेखन शिकवू लागले. नकाशाचे काम त्यांनी बाहेरून चालूच ठेवले. पॅरिसच्या मेट्रोसाठीही त्यांनी असा आराखडा तयार केला. तो स्वीकारला गेला नाही. लंडनच्या नकाशाबाबत त्यांची एक ठाम समजूत होती : त्याचे स्वामित्व आपण संस्थेला दिले आहे, आणि त्या बदल्यात पुढचा प्रत्येक बदल आपल्याच हातून किंवा आपल्या देखरेखीखाली होईल. ही समजूत पक्क्या करारात कधी उतरली नाही.

१९६० मध्ये स्थानकांवर एक नवा नकाशा लागला. त्यावर नाव होते हॅरल्ड हचिसन यांचे, संस्थेच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याचे. बेक यांना त्याची पूर्वकल्पना देण्यात आलेली नव्हती. त्यांची गोलाईदार वळणे जाऊन टोकदार कोपरे आले होते. ऑल्डगेट या नावाला तर रेषांच्या अडचणीत तुकडे करून बसवले होते. तो नकाशा प्रवाशांनाही फारसा रुचला नाही. परंतु बेक यांना सलत होती ती कुरूपता नव्हे. ज्या कामाला त्यांनी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे दिली, ते त्यांना न विचारता, त्यांचे नाव गाळून, दुसऱ्याच्या सहीने पुढे गेले होते. त्यांनी पत्रे लिहिली. होऊ घातलेल्या व्हिक्टोरिया लाईनसह नवा आराखडा स्वतः करून पाठवला. तो नाकारला गेला. १९६४ साली पॉल गार्बट यांचा नकाशा आला. त्यात बेक यांच्या पद्धतीतले बरेचसे परतले, बेक मात्र परतले नाहीत. १९६५ मध्ये त्यांनी झगडा सोडून दिला.

येथे संस्थेची बाजूही मांडली पाहिजे. नियमाने पाहता तिने काही मोडले असे म्हणता येत नाही. नकाशा तिच्या मालकीचा होता, बेक तिचे नोकर राहिले नव्हते, आणि वाढत्या जाळ्याचा नकाशा एकाच माणसावर कायम अवलंबून ठेवता येत नाही, हेही खरे. पण एक पत्र, एक भेट, कोपऱ्यात एक नाव, याला खर्च कितीसा आला असता? आपल्यांतले बरेच जण ज्या कंपन्यांत काम करतात, तेथे कामावर केलेल्या साऱ्या निर्मितीचा हक्क पहिल्याच दिवशी सही करून दिलेला असतो. कागदावर हक्क कोणाचा आणि काम कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

हॅरी बेक १८ सप्टेंबर १९७४ रोजी वारले. तेव्हा त्यांचे नाव व्यवसायाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. केन गार्लंड या आरेखकाने त्यांच्या नकाशाचा इतिहास १९९४ साली पुस्तकरूपाने मांडला आणि चित्र पालटले. नंतरच्या नकाशांच्या तळाशी, मूळ रचना १९३१ मध्ये हॅरी बेक यांनी केल्याची ओळ छापली जाऊ लागली. २००६ मध्ये ब्रिटनमधील विसाव्या शतकातल्या आवडत्या रचनांसाठी जनमत घेतले गेले, तेव्हा काँकॉर्ड विमानाच्या खालोखाल या नकाशाला मते पडली. २००९ साली छोट्या नकाशातून थेम्स गाळण्यात आली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की नदी पुन्हा आणावी लागली. २०१३ मध्ये लेटन येथील त्यांच्या जन्मघरावर निळी पाटी लागली. फिंचली सेंट्रल हे त्यांच्या घराजवळचे स्थानक; तेथेही त्यांच्या स्मरणार्थ पाटी आणि जुन्या नकाशाची प्रतिकृती आहे.

वहीच्या पानावरचा तो पहिला आराखडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. जवळचे स्थानक साउथ केन्सिंग्टन : डिस्ट्रिक्ट, सर्कल आणि पिकॅडिली लाईन.