रमाबाई रानडे : रुग्णशय्येपासून सेवासदनापर्यंत

पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, नांदेडकडून आलेली एखादी तरी परिचारिका आज भेटतेच. घरातील वडीलधाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झाला आणि चोवीस तास कोणीतरी जवळ असणे भाग पडले, की आपण ओळखीपाळखीतून अशाच एखाद्या बाईचा शोध घेतो. तिचा पगार ठरतो, सुट्टीचा दिवस ठरतो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र परक्या माणसाची शुश्रूषा करून पैसे घेणाऱ्या स्त्रीचे नाव निघाले तरी पांढरपेशा घरांतून नाके मुरडली जात. ही दृष्टी बदलावी म्हणून ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे २०१२ नंतर घरोघरी पोहोचल्या, त्याही मुख्यत्वे पत्नी म्हणूनच. मराठीतील एक उत्तम आत्मकथन त्यांच्या नावावर आहे आणि त्या आत्मकथनाचा धागा थेट सेवासदनाच्या परिचारिकांपर्यंत जातो, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव, जन्म १८६२ सालचा, माहेरचे आडनाव कुर्लेकर. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर या सुधारकाने विधवेशी विवाह करावा अशी अनेकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. लग्नात अक्षरओळखही नसलेल्या मुलीला त्यांनी स्वतः शिकवायला घेतले. पुढे इंग्रजीसाठी मिस हरफर्ड यांची शिकवणी ठेवली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला, कामाचे ओझे हे सारे रमाबाईंनी सोसले आणि पुस्तक काही खाली ठेवले नाही.

या शिक्षणाचा पहिला उपयोग कोणता झाला? अतिवाचनाने न्यायमूर्तींची दृष्टी अधू झाली होती. वाचन इतरांकडून करून घ्यावे लागे आणि तो भार हळूहळू रमाबाईंवर आला. वर्तमानपत्रे, पत्रे, ग्रंथ वाचून दाखवणे. प्रवासात पथ्यपाणी सांभाळणे. रात्री पायांना तूप चोळले जात असताना उशाशी बसून वाचत राहणे. शुश्रूषा आणि साक्षरता त्यांच्या संसारात अशा एकत्र नांदल्या.

१८९३ साली न्यायमूर्ती मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि बिऱ्हाड मुंबईला हलले. १९०० साली त्यांचा हृदयविकार बळावला. डिसेंबरमध्ये लाहोरला भरलेल्या सामाजिक परिषदेलाही ते जाऊ शकले नाहीत. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. रमाबाई पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर जवळजवळ एकांतवासात राहिल्या.

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची. पतीचे नाव घ्यायचे नाही म्हणून रमाबाईंनी त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा केला. इंग्रजी अनुवादाला ‘हिमसेल्फ’ हे नाव पडले ते त्यामुळेच. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रीला, या पुस्तकातील पतिभक्तीचा सूर अनेकदा खटकतो. खटकावाही. पण रुग्णाच्या चेहऱ्यावरची छटा टिपणारी, आपली धास्ती त्याला कळू न देता जागणारी बाई मराठी गद्यात इतक्या तपशिलाने त्यापूर्वी क्वचितच आली असेल. आजाऱ्याचे चरित्र लिहिणारे पुष्कळ असतात, त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे कोण लिहिते?

पुस्तक येण्याच्या आधीच कामाला आरंभ झाला होता. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी. प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिवणकाम, अध्यापिका तयार करणे या गोष्टी समाजाने कुरकुरत का होईना, पत्करल्या. परिचारिकेच्या शिक्षणाची गोष्ट वेगळी होती. ससून रुग्णालयात शिकायला जायचे म्हणजे सर्व जातींच्या रुग्णांचा स्पर्श, परपुरुषांची शुश्रूषा, रात्रपाळी. बालविधवेने घरच्या आजाऱ्यांची सेवा जन्मभर फुकट केली तर ते पुण्य. तीच सेवा तिने शिकून, पगार घेऊन केली तर घराण्याला बट्टा, असा एकंदर हिशेब होता.

सेवासदनाच्या एका समारंभाची हकीकत सांगितली जाते. बक्षीस घेण्यासाठी एक केशवपन केलेली तरुण विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारोपाला रमाबाई उठल्या. दुर्दैवाने आणि दुष्ट रूढीने पिचलेल्या मुलीला जे हसतात त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असा रोकडा सवाल त्यांनी त्या तरुणांना केला. त्यानंतर परिचारिकेच्या शिक्षणाकडे येणाऱ्या विधवांचे पाऊल अधिक धीट झाले म्हणतात.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आरंभीच्या विद्यार्थिनी बहुतांशी वरच्या जातींतील होत्या, आणि घरात विनामोबदला राबणाऱ्या शुश्रूषेचा प्रश्न संस्थेच्या आवाक्याबाहेरच राहिला. आजही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णामागे रात्री-अपरात्री जागणारी सून किंवा लेक कोणत्याही हजेरीपटावर नसते.

रमाबाईंचा व्याप तेवढ्यावर थांबला नव्हता. येरवड्याच्या तुरुंगातील कैद्यांना त्या भेटत. मुलींना सक्तीचे शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी वयाच्या साठीच्या आसपास त्या सभा घेत होत्या. १९२४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून त्यांना श्रद्धांजली वाहिली, १९६२ साली जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघाले.

त्यांचे आठवणींचे पुस्तक न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी संपते. त्यानंतरची तेवीस वर्षे, म्हणजे सेवासदन, ससूनचे वर्ग, येरवडा हे सारे, त्यात नाही.