जास्त माल काढणं म्हणजे तोटा, हे टोयोटाला शिकवणारा ताईची ओनो

समजा, कर्वेनगरमधल्या एका वडापावच्या गाडीवर रोज 100 वडे खपतात आणि तिथे पाच जण राबतात. म्हणजे माणशी 20 वडे. मालकाने जोर लावून त्याच पाच जणांकडून 125 वडे तळून घेतले. माणशी 25 झाले, पण रात्री 25 वडे उरले. आता तेच 100 वडे चौघांनी तळले आणि पाचव्याला दुसरं काम दिलं, तरी माणशी 25च. वहीत आकडा सारखा, पण पहिल्यात तेल-बेसन वाया आणि दुसऱ्यात खरी बचत.

कारखान्यातला हा फरक दाखवून दिला ताईची ओनो यांनी. आज जग ज्याला 'लीन मॅन्युफॅक्चरिंग' म्हणतं, त्याचा पाया त्यांनी घातला.

ओनोंचा जन्म 1912चा, चीनमधल्या दालियानचा. 1932 मध्ये ते टोयोडा घराण्याच्या कापड कंपनीत लागले आणि 1943 मध्ये मोटार कंपनीत आले. युद्धानंतर टोयोटाच्या गाड्या खपेनात, कर्ज वाढलं. 1950 मध्ये संप झाला, दीड हजाराहून जास्त कामगार बाहेर पडले आणि संस्थापक किईचिरो टोयोडांनी राजीनामा दिला. न खपणारा माल काय करतो, हे ओनोंनी डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी मग उलटा विचार केला. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढं उचलतं, तेवढंच पुन्हा भरलं जातं. तसंच पुढच्या विभागाने चिठ्ठी पाठवली, तरच मागच्याने सुटा भाग बनवायचा. ही चिठ्ठी म्हणजे 'कानबान'.

दर्जासाठीही नियम कडक होता. दोष दिसला की कामगाराने लाईन थांबवायची आणि मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा.

एकाच माणसाने अनेक यंत्रं सांभाळावीत, या त्यांच्या आग्रहाला कामगारांनी विरोध केला. तरी ओनो हटले नाहीत. ऑर्डर आल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचा वेळ किती घटला, हे त्यांचं मोजमाप होतं.

1990 मध्ये ओनो गेले. सात वर्षांनी टोयोटाने भारतात कंपनी काढली, ती किर्लोस्करांच्या साथीने.

त्यामुळे पुढच्या वेळी उत्पादन वाढल्याची बातमी आली, तर एक प्रश्न नक्की विचारावा: खपलं किती?