व्यापाऱ्याचा मुलगा फॅरनहाइट

घरात कोणाला ताप भरला आणि थर्मामीटरवर १०२ हा आकडा दिसला, की आई मिठाच्या पाण्याच्या घड्या कपाळावर ठेवू लागते. हे १०२ अंश कोणाचे, याची चौकशी त्या गडबडीत कोणी करीत नाही. ते फॅरनहाइटचे. नाव घरोघरी आणि माणूस मात्र अपरिचित, अशी त्याची गत झाली आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शास्त्रज्ञाच्या चरित्राला मी हात घालावा, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे आहे, असे विज्ञान शाखेतील मित्रांना वाटेल. परंतु हा गृहस्थ मुळात आपल्याच शाखेचा, हे वाचल्यावर मला राहवेना. म्हणून हा प्रपंच.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट याचा जन्म २४ मे १६८६ रोजी डान्झिग बंदरात झाला. हे शहर तेव्हा पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते. आज ते पोलंडमध्ये ग्डान्स्क या नावाने ओळखले जाते. घराणे मात्र जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचे. राज्य एका भाषेचे आणि घर दुसऱ्या भाषेचे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस समजावून सांगावयास नको. १४ ऑगस्ट १७०१ रोजी विषारी अळंबी खाण्यात आली आणि आई-वडील दोघेही एकाच दिवशी दगावले. डॅनियल तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा, भावंडांत सर्वांत थोरला. नेमलेल्या पालकांनी त्याला व्यापार शिकण्यासाठी ॲम्स्टरडॅमला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस धाडले.

चार वर्षांच्या या उमेदवारीत मुलाचे लक्ष मालाच्या गाठींवर बसले नाही. ॲम्स्टरडॅममध्ये काचेची शास्त्रीय उपकरणे बनवीत असत. त्यांचे वेड त्याला लागले. काच फुंकायला तो शिकला आणि प्रयोगांपायी पैसा खर्च करू लागला. अखेर पालक इतके चिडले, की त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढवावे आणि पूर्वेकडील बेटांत पाठवून द्यावे, अशी खटपट त्यांनी १७०७ साली केली. आपल्या वेंगुर्ल्याला जिची वखार होती, तीच ही कंपनी. त्या काळी एवढ्या लांबच्या प्रवासाला गेलेला माणूस परत येईलच, याची खात्री कोणी देत नसे. पालकांना पूर्णपणे दोष देणे मला जड जाते, कारण दुसऱ्याच्या मुलाचा पैसा सांभाळणाऱ्याला धाक असतोच. पण ही तजवीज सिद्धीस गेली असती, तर आईच्या हातातल्या थर्मामीटरवर आज निराळेच नाव असते.

तो निसटला आणि गावोगाव हिंडत राहिला. १७०८ मध्ये कोपनहेगन येथे त्याची ओले रोमर याच्याशी भेट झाली. प्रकाशालाही वेग असतो, हे १६७६ मध्ये दाखवून देणारा हाच तो रोमर. त्याने आपल्यापुरती तापमापकाची एक पट्टी आखली होती. पाणी गोठते तेथे साडेसात आणि शरीराच्या उष्णतेला साडेबावीस, असे तिचे आकडे होते. फॅरनहाइटने हे आकडे चौपट केले आणि पुढे त्यांत बदल केला. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. हे आकडे वरवर विचित्र दिसतात. पण ३२ पासून ९६ पर्यंत अंतर आहे ६४ चे, आणि ६४ चे सहा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर एक उरतो. नळीवर खुणा करणाऱ्या कारागिराला याहून सोयीचे काय असणार? आपल्या जुन्या रुपयाचे पैसेही चौसष्टच होते. बाजारात वाढलेल्या माणसाचा हा हिशेब आहे, असे मला तरी वाटते.

तापमापक त्याने शोधून काढला, असे पुष्कळजण समजतात. ते बरोबर नाही. मद्यार्क भरलेले तापमापक त्याच्या आधीपासून होते. अडचण अशी होती, की एका कारागिराचा तापमापक दुसऱ्याच्या तापमापकाशी जुळत नसे. गावोगाव शेराचे वजन निराळे असावे, तसा हा प्रकार. फॅरनहाइटचे दोन मद्यार्काचे तापमापक हाले येथील प्राध्यापक क्रिस्टियान वोल्फ यांनी तपासले. दोन्ही जवळजवळ तंतोतंत एकच आकडा दाखवीत. वोल्फ यांना याचे एवढे नवल वाटले, की १७१४ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. दोन निर्जीव नळ्यांचे एकमत झाले, ही त्या काळी छापण्याजोगी बातमी होती!

हे एकमत किती दुर्मिळ असते, ते मला पुस्तकात कळले नाही. ते कॉफीच्या दुकानात कळले. माझा आत्तेभाऊ बेळगावातील एका दुकानात वाफेच्या यंत्रावर एस्प्रेसो करतो. स्टीलच्या उभट जगात थंड दूध घ्यायचे, वाफेची नळी त्यात बुडवायची आणि दुसरा तळहात जगाला लावून ठेवायचा. चटका असह्य झाला की वाफ बंद. तो तीन वर्षे हे काम करीत आहे. त्याचा तळहात निबर झाला आहे. परवा कामावर आलेला मुलगा मात्र दूध पुरते तापण्यापूर्वीच हात काढून घेतो. दोन हात, दोन निकाल! दूध साधारण १४० ते १५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ६० ते ६५ सेल्सिअसवर, गोड लागते. ७० सेल्सिअसच्या पुढे त्याला शिजल्याचा वास येतो. आणि ६० अंशांचे द्रव अंगावर सांडले, तर सुमारे पाच सेकंदांत कातडी गंभीर भाजते. म्हणून आता तेथे जगाला चकतीचा लहान तापमापक अडकवतात. तो किंचित मागे राहतो, दूध पुढे गेलेले असते. यासाठी हव्या त्या आकड्याच्या थोडे अलीकडेच वाफ बंद करावी लागते. नळी दुधात घालण्यापूर्वी आणि काढल्यावर वाफ एकदा मोकळी सोडायची, तोंड माणसांकडे न करता. नळी ओल्या फडक्यानेच पुसायची, उघड्या हाताने कधीही नाही. जग मुठीने धरायचा, काठोकाठ भरायचा नाही.

तो तापमापक खरे बोलतो की नाही, हे पाहण्याची रीत फॅरनहाइटच्या पद्धतीचीच आहे. कुटलेला बर्फ थोड्या पाण्यात घालून ढवळावा आणि टोक त्यात धरावे. काटा ३२ वर आला पाहिजे. उकळत्या पाण्यावर मात्र भोळेपणाने विसंबू नये. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदूही बदलतो, हे फॅरनहाइटनेच दाखवून दिले. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे येथे पाणी सुमारे साडेसत्त्याण्णव सेल्सिअसवरच उकळते.

पुढे त्याने मद्यार्काऐवजी पारा भरण्यास सुरुवात केली. मद्यार्क लवकर उकळतो. पारा खूप वरपर्यंत टिकतो आणि काचेला चिकटत नाही. १७१७ मध्ये तो ॲम्स्टरडॅमला स्थायिक झाला. उपकरणे विकू लागला आणि व्याख्यानेही देऊ लागला. सुप्रसिद्ध वैद्य बुरहावे यांना त्याने एक पाऱ्याचा आणि एक मद्यार्काचा, असे दोन तापमापक करून दिले. ते एकमेकांशी जुळेनात. दुसरा एखादा दुकानदार असता, तर गिऱ्हाइकालाच वेड्यात काढता. फॅरनहाइटने कारण शोधले आणि निरनिराळ्या ठिकाणची काच उष्णतेने सारखी फुगत नाही, असे सांगितले. दोन द्रवांच्या प्रसरणाची चाल सारखी नसते, हेही एक कारण आहे. पण स्वतःच्या मालातील फरक गिऱ्हाइकासमोर उलगडून दाखवणारा हा व्यापारी मला फार आवडला. पालकांनी शिकायला पाठवलेला धंदा तो शेवटी शिकला, फक्त त्यांच्या पद्धतीने नाही.

१७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले आणि त्याचे लेख छापले. त्याच्या मृत्यूनंतर पट्टीत फेरफार होऊन पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ वर पक्का झाला आणि शरीराचा ९६ चा आकडा ९८.६ वर गेला.

कीर्ती झाली, पैसा झाला नाही. त्याने लग्न केले नाही. पाणी उपसण्याच्या एका यंत्राचे हक्क मिळवण्याच्या खटपटीत तो द हेग येथे गेला असता आजारी पडला आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी वारला. त्याचे वय ५० होते. तेथील क्लोस्टरकेर्क या चर्चमध्ये त्याला पुरले. अंत्यविधी चौथ्या दर्जाचा होता, म्हणजे गरिबांसाठी ठरवलेला.