सहा ठिपक्यांची शाळा

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरांवर कूव्रे हे लहानसे गाव आहे. सिमाँ-रने ब्रेल हे तेथील जिनगर होते. घोड्यांचे खोगीर, लगाम, पट्टे असे चामड्याचे काम ते घराला लागूनच असलेल्या कार्यशाळेत करीत. ४ जानेवारी १८०९ रोजी त्यांच्या घरी चौथे अपत्य जन्मले. त्याचे नाव लुई. तीन वर्षांचा असताना हे मूल वडिलांची नक्कल करीत चामड्याला आरीने भोक पाडू पाहत होते. आरी निसटली आणि डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांतला प्रकाश पूर्णपणे मावळला.

तो काळ नेपोलियनच्या पाडावाचा होता. १८१४ नंतर दोन वर्षे गावात परकीय फौजांचा तळ होता आणि घरोघरी शिपाई उतरले होते. अशा धामधुमीत एका आंधळ्या मुलाच्या शिक्षणाची काळजी कोणी करावी? परंतु ती केली गेली. वडिलांनी त्याला काठी करून दिली आणि हाताला जमतील अशी कामे शिकवली. गावचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली आणि नंतर गावच्या शाळामास्तरांकडे शब्द टाकून डोळस मुलांच्या वर्गात बसवले. मुलगा ऐकूनच सारे पाठ करी आणि वर्गात पुढे राही. मात्र इतरांनी पुस्तके उघडली की त्याचे हात रिकामे राहत.

गावातल्या एका सरदाराच्या शिफारशीने पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत त्याला जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी तो तेथे दाखल झाला, तेव्हा त्याला नुकतेच अकरावे वर्ष लागून कोठे महिना झाला होता असे आपल्याकडच्या मोजणीने म्हणता येईल. पुरी वर्षे मात्र दहाच.

या शाळेचा इतिहास थोडा मागे जाऊन सांगायला हवा. पॅरिसच्या एका जत्रेत आंधळ्या माणसांना विदूषकी टोप्या व चष्मे घालून वाद्ये बडवायला लावीत आणि लोक त्यांना हसत. १७७१ साली हे दृश्य पाहून व्हॅलेंटाइन आऊई हा तरुण व्यथित झाला आणि पुढे १७८५च्या सुमारास त्याने अंध मुलांसाठी शाळा काढली. युरोपातली ही अशा प्रकारची पहिलीच शाळा. ओल्या जाड कागदावर अक्षरांचे उठाव उमटवून बोटांनी वाचायची पुस्तके त्याने तयार केली. पण ही अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. एकेका अक्षराची वळणे बोटाने चाचपून ओळखेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरून जाई. पुस्तके मोठी, अवजड आणि मोजकीच. शिवाय या पद्धतीत मुलाला स्वतः काही लिहिता येत नसे. आंधळ्याने वाचावे इथवर विचार पोचला होता. त्याने लिहावे, हा विचार अजून कोणाच्या मनात रुजला नव्हता.

शाळेची इमारत रू सँ-व्हिक्तोर या रस्त्यावर होती. ती पूर्वी धर्मगुरूंचे विद्यालय होती आणि क्रांतीच्या काळात, सप्टेंबर १७९२ मध्ये, तिथेच अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली होती. जुनाट, दमट, अंधाऱ्या जिन्यांची ही वास्तू मुलांच्या प्रकृतीला मुळीच मानवत नसे. क्षयाने तेथील किती आयुष्ये पोखरली याची कल्पना पुढे ब्रेल यांच्याच आयुष्यावरून येते. प्रमुख गिए कडक शिस्तीचे. चूक झाली की कोंडून ठेवणे आणि पावपाण्यावर दिवस काढायला लावणे हे नेहमीचेच.

तरीही त्या भिंतींच्या आत एक जिवंत जग होते. मुले विणकाम करीत, सपाता शिवत, चाबूक वळत, खुर्च्यांची गवती बैठक विणत. जिनगराच्या मुलाची बोटे या कामात इतकी तरबेज होती की सपातांच्या विभागाचा तो लवकरच मुकादम झाला. संगीत हा तर शाळेचा प्राणच होता. पॅरिसमधले नामवंत वादक येऊन शिकवीत आणि मुलांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. १८२१ मध्ये गिए जाऊन पिन्ये प्रमुख झाले आणि वातावरण निवळले. मुलांना फिरायला नेण्याची प्रथा पडली. एक लांब दोर, त्याला धरून ओळीने चाललेली मुले आणि पुढे वाट दाखवणारा डोळस माणूस, अशी ही मिरवणूक जवळच्या वनस्पती-उद्यानापर्यंत जाई. गिए यांच्या कारकिर्दीत ज्या संस्थापकाला शाळेचे दार बंद होते, त्या वृद्ध आऊईंना पिन्ये यांनी सन्मानाने बोलावले आणि मुलांनी त्यांच्यासाठी संगीताचा कार्यक्रम केला. पुढच्याच वर्षी आऊई वारले.

या शाळेत निर्माण करणारा एकटा ब्रेलच होता असे समजणे चुकीचे ठरेल. क्लोद माँताल या थोरल्या विद्यार्थ्याची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. शाळेतले पियानो बेसूर असत. माँताल आणि त्याचा एक सोबती गुपचूप ते उघडून सूर लावू लागले. बाहेरून येणाऱ्या डोळस कारागिराने तक्रार केली आणि त्यांना मनाई झाली. मग त्यांनी एक जुना पियानो मिळवला, संपूर्ण सुटा केला आणि पुन्हा जोडला. माँताल पुढे पॅरिसमधला नामांकित सूर लावणारा कारागीर आणि पियानो बनवणारा झाला. १८३६ मध्ये त्याने या विद्येवर ग्रंथही लिहिला. अंधांच्या हाती आलेला हा एक नवा व्यवसाय कोणा शिक्षकाच्या अभ्यासक्रमातून आलेला नाही. तो मुलांच्या चोरट्या उद्योगातून आला.

ठिपक्यांची लिपी याच हवेत जन्मली. शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या ठिपक्यांची एक लेखनपद्धती तयार केली होती आणि १८२१ मध्ये ती शाळेत आली. ती रणांगणावर रात्री निरोप वाचण्यासाठीच घडवली होती असे सर्रास सांगितले जाते. बार्बिएच्या डोळ्यांसमोर मात्र शाळेचे तोंड न पाहिलेली सामान्य माणसेही होती. तिच्यात बारा ठिपक्यांचा साचा होता, सहा-सहांच्या दोन उभ्या ओळींचा. चिन्हे उच्चारांसाठी होती, अक्षरांसाठी नव्हती. त्यामुळे शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, स्वरलेखन नाही. आणि एवढे उंच चिन्ह एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे.

पण मुलांना एक गोष्ट उमगली. सलग रेषेपेक्षा ठिपका बोटाला झटकन कळतो, आणि तो स्वतःच्या हाताने टोचता येतो. बारा वर्षांच्या लुईने सुधारणा सुचवल्या, तेव्हा वयाने आणि हुद्द्याने मोठ्या असलेल्या बार्बिएला त्या रुचल्या नाहीत. मुलगा मुकाट्याने कामाला लागला. रात्री वसतिगृहात सारे झोपल्यावर आणि सुटीत कूव्रेच्या घरी, पाटी, कागद आणि टोचा घेऊन तो बसे. ज्या हत्याराने डोळे नेले त्याचेच धाकटे भावंड आता त्याच्या हाती होते. या योगायोगावर पुष्कळ भावुक लेखन झाले आहे, म्हणून इथे एवढेच पुरे.

१८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, लिपीचा सांगाडा सिद्ध झाला. बाराच्या जागी सहा ठिपके, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. संपूर्ण चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावते. त्याची रचना पाहावी: पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांतच बसवली आहेत, पुढच्या दहांसाठी त्यांनाच खालचा डावा ठिपका जोडला, त्यापुढच्यांसाठी खालचे दोन्ही. दहा आकार आले की बाकीचे आपोआप येतात. एकूण त्रेसष्ट चिन्हे होतात आणि त्यांत अंक, विरामचिन्हे व संगीतही मावते. वर्गमित्र हेच तिचे पहिले परीक्षक. तीत ते वह्या भरू लागले, एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागले, स्वरलिपी उतरवून घेऊ लागले. १८२९ मध्ये या पद्धतीचे पुस्तक निघाले आणि गंमत अशी की ते जुन्याच उठावाच्या अक्षरांत छापावे लागले. त्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सच्या इतिहासाचे तीन खंड ब्रेलमध्ये तयार केले.

एव्हाना ब्रेल विद्यार्थी राहिले नव्हते. प्रथम साहाय्यक आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक म्हणून ते शिकवीत होते. जिवलग मित्र गोतिए आणि कोल्ता हेही त्याच वेळी शिक्षक झाले. ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. शिकवताना शांत, बोलण्यात मोजके, पैशाच्या बाबतीत हात सैल. ऑर्गनवादकाची एक जागा त्यांनी गरजू विद्यार्थ्यासाठी सोडून दिली होती. पंचविशी उलटताच क्षयाने त्यांना गाठले. १८३९ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत मांडली. तिच्यात ठिपके जोडून नेहमीच्या अक्षरांचेच आकार उमटत. घरी आईला पत्र लिहायचे तर ते आईला वाचता आले पाहिजे, हा साधा विचार तिच्यामागे होता. त्यासाठी फूको या शाळेच्याच अंध माजी विद्यार्थ्याने कळ दाबून ठिपके उमटवणारे यंत्र बनवले.

आणि मग संकट आले ते शाळेच्या आतूनच. १८४० मध्ये पिन्ये यांना बाजूला सारून द्युफो प्रमुख झाले. वेगळी लिपी अंधांना डोळसांपासून तोडील, असा त्यांचा आक्षेप. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. डोळस शिक्षकांना ती लिपी वाचता येत नव्हती, हेही त्यामागचे एक कारण असावे. ठिपक्यांची लिपी बंद झाली आणि उठावाची अक्षरे परत आली. जुनी पुस्तके जाळली गेली, असे चरित्रकार लिहितात. परंतु ज्यांना एकदा लिहिता आले त्यांचे लिहिणे कसे थांबवणार? टोचे काढून घेतल्यावर मुले विणकामाच्या सुया, खिळे, जेवणाचे काटे यांनी लिहीत राहिली. थोरले धाकट्यांना रात्री शिकवीत. लिपीचा कर्ता त्याच इमारतीत आजारी होता, आणि लिपी जगवली ती मुलांनी.

द्युफो यांचे साहाय्यक गादे यांनी हे पाहिले आणि त्यांचे मत पालटले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी बुलेव्हार देझॅव्हालिद येथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा गादे यांनी भर सभेत या पद्धतीचा इतिहास सांगितला. एका मुलाने ऐकून ठिपके टोचले, दुसऱ्याने ते बोटांनी घडाघडा वाचले. त्या दिवसापासून बंदीला अर्थ उरला नाही.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, ब्रेल यांचे शाळेतच निधन झाले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. मागे एक छोटी पेटी होती, न उघडता जाळून टाकावी अशा सूचनेसह. मित्रांनी उघडली तेव्हा आत विद्यार्थ्यांनी व इतरांनी घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या सापडल्या. फ्रान्सने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

आपल्या भाषांना त्या ठिपक्यांपर्यंत पोचायला आणखी एक शतक लागले. भारतात प्रांतोप्रांती निरनिराळ्या पद्धती चालत. १९५१ मध्ये त्या एकत्र येऊन भारती ब्रेल ठरली. क, ब, म, ल, स यांना तिच्यात तेच ठिपके आहेत जे पंधरा वर्षांच्या त्या मुलाने फ्रेंच अक्षरांना दिले होते. मराठी मुलाला यात एक सोयही झाली. कागदावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागते. ठिपक्यांत ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतर येते.

१९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, ब्रेल यांचे अवशेष राष्ट्रपुरुषांच्या पाँतेआँ या स्मारकात नेण्यात आले. त्या सोहळ्याला हेलन केलर हजर होत्या. कूव्रेने मात्र आपल्या मुलाला पुरते जाऊ दिले नाही. त्यांचे हात एका छोट्या कलशात गावातल्या मूळ थडग्यावरच ठेवलेले आहेत.