बाळंतपणाचे पुस्तक वाचणारा बाप



शिरूरहून नगर रस्त्याने पुण्यात शिरताना येरवड्याजवळ आगाखान पॅलेस लागतो. तेथे कस्तुरबांची समाधी आहे. गांधीजींचा स्वातंत्र्यलढा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. नवरा आणि बाप म्हणून हा माणूस कसा घडला, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मोहनदास यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले. १८८५ साली राजकोटला वडील आजारी होते आणि कस्तुरबा गरोदर होत्या. वडिलांचे पाय चेपून मोहनदास आपल्या खोलीत गेले आणि थोड्याच वेळात वडील वारले. पुढे बाळ जन्मले, ते जेमतेम तीन-चार दिवस जगले. त्या दिवसांत गरोदर पत्नीचाही आपण विचार केला नाही, ही शरम त्यांनी आत्मचरित्रात उघडपणे लिहून ठेवली.

नंतर हरिलाल झाला, पण तो काही महिन्यांचा असतानाच, १८८८ मध्ये, वडील बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला गेले. मणिलाल लहान असताना, १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेला गेले. थोरल्या दोघांचे तान्हेपण बापाच्या वाट्याला फारसे आलेच नाही.

डर्बनला मात्र फरक पडला. वकिली चालू असताना ते रोज तास-दोन तास एका धर्मादाय दवाखान्यात जात, रोग्यांची विचारपूस करून औषधे देत. कस्तुरबांना दिवस गेले तेव्हा चांगल्यात चांगली वैद्यकीय मदत घ्यायची, असे दोघांनी ठरवले. पण ऐन वेळी डॉक्टर किंवा सुईण आली नाही तर? म्हणून त्यांनी डॉ. त्रिभुवनदास यांचे 'माने शिखामण' हे आईसाठी लिहिलेले गुजराती पुस्तक बारकाईने वाचले. नाव आईचे, वाचक बाप!

१८९८ मध्ये रामदास जन्मला. २२ मे १९०० रोजी देवदासच्या वेळी कळा अचानक सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेनात, सुईण आणायला वेळ लागणार होता. शेवटी बाळंतपण गांधीजींनीच पार पाडले, आणि ते घाबरले नाहीत. दोन्ही बाळांना न्हाऊमाखू घालणे, सांभाळणे तेच करत. दाई ठेवली ती दोन महिन्यांपुरती, आणि मुख्यतः बाळंतिणीसाठी.

ते आदर्श पती होते, असे मी म्हणणार नाही. याच डर्बनच्या घरात पाहुण्याचे मूत्रपात्र उचलण्यावरून त्यांनी कस्तुरबांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले होते. तेही त्यांनीच लिहिले आहे. तत्त्वज्ञान शिकलेल्या मला यात एक गोष्ट पटते: नुसता पस्तावा त्यांनी पुरेसा मानला नाही, माहिती मिळवली.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबांनी त्यांच्या मांडीवर प्राण सोडला. त्या आजारात आईला पेनिसिलीन द्यावे म्हणून आग्रह धरणारा मुलगा देवदासच होता. वारंवार सुया टोचायला गांधीजी तयार झाले नाहीत.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करतात. नवऱ्याला फोन येतो तो मुलगा की मुलगी एवढे सांगायला. गांधीजींसारखी सुईण होण्याची आज कोणावर वेळ येऊ नये. प्रसूती रुग्णालयातच व्हावी. पण अंगावर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे ही धोक्याची लक्षणे नवऱ्यालाही ठाऊक हवीत. रक्तवाढीच्या गोळ्या ती घेते की नाही, रात्री निघायचे तर गाडी कोणाची, १०८ ला फोन कोण करणार, हे आधी ठरलेले असावे. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर मातांची दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना चालू आहे. शिरूर असो वा दौंड, त्या दिवशी अर्धी रजा टाकून सोबत जाता येते.