सर गिल्बर्ट वॉकर

मृग नक्षत्र लागलें कीं आपल्या फैजपूरच्या शिवारांतील शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे लागते. यंदा पाऊस कसा होईल, या त्याच्या प्रश्नाचें उत्तर ज्या गणितज्ञानें दूरदूरच्या महासागरांवर शोधलें, त्याचें हें अल्प चरित्र आहे.

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं झाला. १८८९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत ते पहिले आले.

१८९९ सालीं सरकारी अंदाज चांगल्या पावसाचा होता. परंतु पावसानें दगा दिला आणि खानदेशासह देशाच्या मोठ्या भागांत भीषण दुष्काळ पडला. पुढें १९०४ सालीं वॉकर हिंदुस्थानांतील वेधशाळांचे मुख्य झाले. हवामानशास्त्राचा त्यांस पूर्वानुभव नव्हता. त्यांनीं जगांतील अनेक ठिकाणच्या वायुभाराच्या, उष्णतामानाच्या व पावसाच्या नोंदी जमविल्या आणि त्यांचे परस्परसंबंध गणितानें तपासले. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला कीं हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि तिकडे घटला कीं इकडे वाढतो, असें त्यांस आढळलें. तराजूच्या पारड्यांसारख्या या हेलकाव्यास त्यांनीं १९२४ सालीं दक्षिणी आंदोलन या अर्थाचें नांव दिलें.

पुष्कळ आकडे ताडून पाहिले तर कांहीं निव्वळ योगायोगानेंही जुळतात. असे फसवे संबंध ओळखण्याची कसोटी त्यांनीं १९१४ सालीं मांडली. यांतच त्यांची थोरवी आहे. त्यांची दृष्टि गुणग्राहकहि होती. १९१३ सालीं मद्रासेस रामानुजन या गरीब कारकुनाचें गणित पाहून त्यांनीं विद्यापीठाकडे त्याची शिफारस केली, आणि त्यास दरमहा ७५ रुपयांची वृत्ति मिळाली.

१९२४ सालीं वॉकर लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत प्राध्यापक झाले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजीं ते निवर्तले. आंदोलनाचें कारण त्यांच्या हयातींत उलगडलें नाहीं. पॅसिफिकच्या वरच्या थरांतील ऊन पाणी पूर्वेकडे पसरलें कीं वारे व दाब बदलतात, हें १९६९ सालीं ब्यर्कनेस यांनीं दाखविलें आणि त्या वायुचक्रास वॉकर यांचें नांव दिलें. अशा वर्षीं आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो. तथापि १९९७ सालीं तें पाणी अतिशय तापलें असतांहि भारतांत सरासरीइतका पाऊस झाला. म्हणून आजचे शास्त्रज्ञ समुद्राचें गणित आरंभींचे आकडे किंचित बदलून अनेकदां सोडवितात, आणि उत्तरें किती फांकतात यावरून अंदाजाचा भरंवसा ठरवितात.

ज्या अंदाजावर शेतकरी आपलें बियाणें मातींत टाकतो, त्याचा भरंवसा किती हेंहि त्यास सांगणें, हा प्रामाणिकपणा वॉकर यांच्या चरित्रापासून आपण शिकावा.